मॅटखालचं पाणी: जुन्या गाडीतली पावसाची गळती कशी शोधायची

बडोद्यात पहिला जोराचा पाऊस होऊन गेला की दोन-चार दिवसांत जुन्या गाड्यांमधून तो वास येऊ लागतो, ओल्या गोणपाटासारखा, कुबट. मॅट उचलून पाहावं तर कार्पेट वरून कोरडं वाटतं, पण तळवा दाबला की बोटांमधून पाणी वर येतं. मग बहुतेक जण सिलिकॉनची ट्यूब आणतात आणि काचेच्या कडेने, दिसेल त्या फटीत भरून मोकळे होतात. पुढच्या सरीला पाणी पुन्हा हजर. आता मात्र खरी वाट शोधणं आधीपेक्षा अवघड झालेलं असतं, कारण सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर ना रंग धरतो, ना दुसरं सीलंट चिकटतं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पत्र्याच्या आत पाणी शिरणारच, हे धरूनच गाडी बनवलेली असते. समोरच्या काचेवरचं पाणी वायपरखालच्या पोकळीत जातं, दरवाजाच्या काचेवरचं दरवाजाच्या पोटात उतरतं, टपावरचं दोन्ही बाजूंच्या पन्हळीतून खाली येतं. प्रत्येक ठिकाणी त्याला बाहेर पडायला भोक ठेवलेलं असतं. जुन्या गाडीत पुष्कळदा नवं भोक पडलेलं नसतंच, जुनं भोक तुंबलेलं असतं. म्हणून आधी पाण्याच्या बाहेर जायच्या वाटा तपासायच्या, आत यायच्या वाटा नंतर.

हे पावसाचंच पाणी आहे का?

आपल्याकडच्या गाड्यांत ब्लोअर आणि एसीची कूलिंग कॉइल डॅशबोर्डखाली मध्यापासून डावीकडे असते. दमट हवेत एसी तासाभरात लिटरभर पाणी सहज काढतो आणि ते एका बारीक नळीतून इंजिनच्या बाजूला, गाडीखाली ठिबकतं. ही नळी तुंबली की तेच पाणी डाव्या सीटच्या पायाशी उतरतं. ओळखायचं सोपं आहे. जुलैच्या दमट दुपारी गाडी उभी ठेवून एसी पंधरा मिनिटं चालवा. खाली जमिनीवर थेंब पडत नसतील आणि आत पाय ओले होत असतील, तर दोष पावसाचा नाही. नळीचं बाहेरचं तोंड मऊ वायरने किंवा हलक्या फुंकरीने मोकळं केलं की काम संपतं.

पाणी बोटांना बुळबुळीत लागत असेल, वास गोडसर असेल, रंग हिरवट किंवा गुलाबी असेल आणि काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर हीटरची कॉइल गळते आहे. ते कूलंट आहे, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. रेडिएटरची पातळी बघा आणि मेकॅनिककडे जा.

तिसरी शक्यता बडोद्यात विसरून चालत नाही. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, पाणी भरलेलं असताना गाडी त्यातून काढली असेल, तर पाणी वरून नव्हे, खालून आलेलं असतं. दरवाजाचं रबर वरून येणारी धार परतवतं, साचलेल्या पाण्याचा दाब अडवणं त्याचं काम नाही. असं पाणी गढूळ असतं आणि सुकल्यावर बारीक गाळ मागे सोडतं. पावसाचं पाणी ओघळाची एखादी रेघ सोडतं, पण गाळाचा थर सोडत नाही.

गाडी जुनी घेतलेली असेल तर ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं होतं हे ध्यानात ठेवा. सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढा. एरवी गुंडाळीत राहणाऱ्या शेवटच्या हातभर पट्टीवर मातकट डाग असेल, सीटच्या रुळांखाली आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगवर गाळ असेल, तर ती गाडी पाण्यात उभी राहिलेली आहे. तिथे गळती शोधण्याआधी वायरिंगच्या जोडण्या बघाव्या लागतील.

आधी कोरडी करा

ओल्या गाडीत गळती सापडत नाही. जुनं पाणी कुठलं आणि नवं कुठलं हेच कळत नाही. पुढच्या सीट काढाव्या लागतात. प्रत्येकीला साधारण चार बोल्ट असतात, बहुतेक गाड्यांत 14 नंबरचे. सीटखाली पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली तर ती एअरबॅगची किंवा धडकेत बेल्ट आवळणाऱ्या प्रिटेन्शनरची आहे. तिला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून निदान दहा मिनिटं थांबा. मग उंबऱ्यावरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या उचकटून कार्पेट गुंडाळत आणा.

कार्पेटच्या पाठीला जो जाड नमदा किंवा फोम असतो, खरं पाणी त्यात असतं. वरचं कापड दोन दिवसांत सुकतं, नमदा पावसाळ्यात जागच्या जागी महिनाभर सुकत नाही. मध्येच ऊन पडलं तरी तो पत्र्याला चिकटलेला असतो, त्याला हवाच लागत नाही. तो बाहेर काढा, पिळा, गच्चीवर उभा टांगा. वास धरलेला असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा. तुकडे पडू लागले असतील तर फेकून द्या आणि सीट कव्हरवाल्याकडून नवा कापून घ्या. मोकळ्या पत्र्यावर रात्रभर पंखा सोडा. उघडीप बघून हे काम धरा. मृग लागायच्या आत केलंत तर उत्तमच.

पत्रा उघडा झाला की रंगाखाली फुगे आलेत का पाहा. जिथे गंज आहे तिथे पाणी बरेच दिवस साचलेलं होतं. मात्र ते तिथूनच आलं असं धरू नका. रस्त्याच्या डाव्या कडेला उभी केलेली गाडी रस्त्याच्या उतारामुळे थोडी डावीकडे कललेली असते. दांडिया बाजार, रावपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत गाडी रात्रभर अशीच उघड्यावर उभी असते, त्यामुळे उजवीकडून शिरलेलं पाणीही डावीकडे जमू शकतं. सोसायटीच्या चढावर नाक वर करून लावलेल्या गाडीत पुढच्या काचेचं पाणी मागच्या सीटच्या पायाशी सापडतं. डबकं ही पाण्याची शेवटची जागा, वाट तिथून वरच्या अंगाला शोधायची.

पाणी कसं मारायचं

एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर नळी घेऊन. एकट्याने हे काम होत नाही. प्रेशर वॉशर मुळीच वापरू नका, त्याचा फवारा चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो आणि नसलेली गळती दाखवतो. नळीला पुढे तोटी नको. दहा लिटरची बादली दीड-दोन मिनिटांत भरेल इतकीच धार ठेवा.

सुरुवात खालून करायची आणि वर जायचं. ही शिस्त मोडली की सगळी मेहनत वाया जाते, कारण टपावर पाणी सोडलं की ते एकाच वेळी काच, दरवाजा, डिकी सगळ्यांवरून वाहतं आणि आत थेंब दिसला तरी तो कुणाचा हे सांगता येत नाही. दरवाजाचा खालचा भाग, मग बेल्टलाइन (काच दरवाजात शिरते ती कड), मग वायपरखालची जाळी, काचेची खालची कड, काचेच्या बाजू, काचेची वरची कड आणि सर्वांत शेवटी टप. प्रत्येक जागी पाच ते दहा मिनिटं. काही गळत्या आतली पोकळी भरल्यावरच सुरू होतात, दोन मिनिटांत निकाल लावू नका.

आतल्या माणसाने पत्र्यावर, खांबांच्या आतल्या बाजूला आणि फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, टाल्कम पावडर हलकी शिंपडून ठेवावी. थेंब त्या पांढऱ्या थरातून उतरला की काळसर रेघ पडते आणि ती रेघ धरून वर जाता येतं. पावडर ब्लोअरच्या तोंडापासून लांब ठेवा. जिथे हात पोचत नाही तिथे टिश्यू पेपरची पट्टी चिकटवा, ओली झाली की ती गडद दिसते. फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली असेल किंवा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, खाली कुठे बसवलेला असेल, तर पाणी मारण्याआधी बॅटरीची तार काढलेली बरी.

नाक वर आणि नाक खाली अशा दोन्ही उतारांवर गाडी तपासा. सपाट जमिनीवर न सापडणारी गळती अशा उतारावर पुष्कळदा सापडते.

पाणी न वापरता करायची चाचणीही आहे. काचा बंद, ब्लोअर पूर्ण वेगाने, बाहेरची हवा आत घेणारा खटका चालू. मागच्या बंपरच्या आड हवा बाहेर जायच्या झडपा असतात, त्यांवर तात्पुरती चिकटपट्टी लावा. आता आत दाब तयार होतो. बाहेरून काचेच्या कडांवर, दरवाजांच्या फटींवर, टेललाइटभोवती साबणाचं दाट पाणी ब्रशने लावा. जिथे फुगे येतील तिथून हवा बाहेर येते आहे, म्हणजे तिथून पाणीही आत जाऊ शकतं. काम झाल्यावर झडपांवरची पट्टी आठवणीने काढा. ती राहिली तर काचांवर धुकं धरतं आणि दरवाजे आपटल्याशिवाय लागत नाहीत.

वायपरखालची पोकळी

डावीकडचे पाय ओले होत असतील आणि एसीची नळी साफ असेल, तर सर्वांत आधी इथे बघा. समोरची काच आणि जाळी मिळून पाऊण चौरस मीटर धरली तरी 25 मिलिमीटरच्या एका सरीत सुमारे 19 लिटर पाणी या पोकळीत उतरतं, जवळजवळ दोन बादल्या. ते सगळं दोन टोकांच्या दोन भोकांतून जायचं असतं. ब्लोअर हवा घेतो ते तोंडही याच पोकळीत असतं, त्याच्याभोवती थोडा उंच काठ केलेला असतो. भोकं तुंबली की पाणी काठावरून ओसंडून थेट ब्लोअरमध्ये.

तुंबवणारं काय असतं ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. कडुनिंबाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत जाळी उचलली की खाली बोटभर जाड काळा थर मिळतो. कडुनिंबाची बारीक पानं, त्यांचे देठ, मोहर, धूळ, सगळं कुजून चहाच्या चोथ्यासारखं झालेलं असतं. गुलमोहराची पानं तर त्याहून बारीक, ती जाळीतून सरळ आत जातात. आसोपालवाचं, म्हणजे उंच अशोकाचं, लांब पान जाळीवरच अडकतं, म्हणून ते त्या मानाने निरुपद्रवी.

जाळी काढण्यासाठी वायपरच्या बुडाशी असलेले नट सोडावे लागतात. त्याआधी पाती काचेवर कुठे टेकतात तिथे चिकटपट्टीने खूण करा, म्हणजे परत बसवताना पाती वेडीवाकडी लागत नाहीत. जाळीच्या प्लॅस्टिक क्लिपा जुन्या गाडीत ठिसूळ झालेल्या असतात, निम्म्या तुटतात. आठ-दहा क्लिपा आधीच आणून ठेवा. कचरा हाताने आणि व्हॅक्युमने काढायचा. नळी सोडून धुवायला गेलात तर तोच चोथा भोकात जाऊन घट्ट बसतो. सगळं निघाल्यावर प्रत्येक टोकाला दोन लिटर पाणी एकदम ओता. पुढच्या चाकामागे, फेंडरच्या खालून ते काही सेकंदांत मोकळं पडायला हवं. रेंगाळत येत असेल तर खालच्या टोकाला रबरी चोच आहे का बघा. काही गाड्यांत ती असते, गाळाने चिकटून बंद होते. बोटांनी चोळून मोकळी करा.

आता ब्लोअरच्या तोंडाभोवतीची रबरी किंवा फोमची कड पाहा. ती भुगा झालेली असेल तर नवी लावा. वायपरच्या दांड्यांची रबरी वॉशरं आणि या पोकळीतले पत्र्याचे जोडही याच वेळी तपासून घ्या. जोडांवरचं सीलंट जुनं होऊन केसाएवढी भेग पडते, पाणी तिच्यातून पेडलच्या मागे उतरतं.

दरवाजे

दरवाजाच्या काचेला बाहेरून जी काळी पट्टी घासते ती सगळं पाणी अडवते असा समज आहे. ती फक्त बरंचसं अडवते. उरलेलं दरवाजाच्या पोटात उतरून खालच्या कडेच्या दोन-चार भोकांतून बाहेर पडतं. पोटातलं पाणी तुमच्या बाजूला येऊ नये म्हणून दरवाजाच्या पॅडमागे, म्हणजे आतल्या आवरणामागे, एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. काच वरखाली करायची यंत्रणा कुणी दुरुस्त केली, स्पीकर बदलला, सेंट्रल लॉक बसवलं, की हा पडदा हमखास फाटतो. बरेच कारागीर तो काढून टाकतात आणि पॅड तसंच ठोकतात. मग पाणी पॅडच्या मागून उतरून उंबऱ्याच्या आत येतं. दरवाजाचं रबर बदलून ही गळती कधीच थांबत नाही, कारण पाणी रबराच्या आतल्या बाजूला आलेलं असतं. पॅडची खालची कड फुगलेली किंवा पाण्याचा डाग पडलेली असेल तर संशय इथेच घ्या.

पॅड काढताना काचेची फिरवायची दांडी अडवते. ती एका तारेच्या क्लिपने धरलेली असते. दांडी आणि पॅडच्या मध्ये सुती फडक्याची पट्टी सरकवा, दोन्ही टोकं धरून करवतीसारखी इकडून तिकडे ओढा. फडकं क्लिपच्या टोकांना अडकून ती बाहेर ढकलतं. क्लिप उडते, म्हणून दुसरा हात आड धरा.

नवा पडदा करायला 150 ते 200 मायक्रॉनचं प्लॅस्टिक पुरेसं. जुना पडदा सापडला तर तोच नमुना, नाहीतर पत्र्याच्या मापाने कापा. जुना चिकट थर केरोसीनने पुसा, मग साबणाच्या पाण्याने केरोसीन पुसा, पत्रा कोरडा करा. चिकटवायला ब्यूटिल (मऊ राहणारं चिकट रबर) टेप किंवा ब्यूटिलची दोरी, 6 ते 8 मिलिमीटरची. पडद्याची खालची कड पत्र्याच्या फटीतून दरवाजाच्या पोटात गेली पाहिजे, म्हणजे पडद्यावरून ओघळणारा थेंब पुन्हा दरवाजातच पडतो. कड बाहेर राहिली तर सगळा पडदा असून नसल्यासारखा.

पॅड बसवण्याआधी बाहेरून काचेवर पाच मिनिटं पाणी सोडा. पडद्याच्या मागून थेंब उतरताना दिसतील, खाली दरवाजाच्या भोकांतून धार येईल आणि उंबरा कोरडा राहील. धार आली नाही तर भोकं तुंबलेली आहेत. ती लाकडी काडीने किंवा केबल टायने मोकळी करा. स्क्रूड्रायव्हर घातलात तर रंग खरवडून गंजाला वाट मिळते. दरवाजा उघडताना आत पाणी हेलकावल्याचा आवाज येत असेल तर हीच भोकं बंद आहेत. पावसाळ्याआधी गाडीला खालून अँटीरस्ट कोटिंग मारून घेण्याची पद्धत आहे. कोटिंग चांगलंच, पण मारणाऱ्याने भोकांवर कागदी टेप लावलेला नसेल तर दरवाजांची आणि उंबऱ्यांची भोकं तेच बंद करून टाकतं. कोटिंगनंतर सगळी भोकं हाताने तपासा.

रबराची, म्हणजे बीडिंगची चाचणी कागदाने होते. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी मध्ये धरून दरवाजा लावा आणि ओढा. कागद जोर लावून निघाला तर रबर घट्ट आहे, सरकन निघाला तर तिथे फट आहे. दर वीत-दीड वीत अंतरावर करत पूर्ण चौकट फिरा. वरचा मागचा कोपरा आणि बिजागराकडचा वरचा कोपरा इथे बहुतेक वेळा दोष सापडतो. उघड्या दरवाजाचं टोक हाताने उचलून पाहा. तो वर-खाली हलत असेल तर बिजागराची पिन झिजली आहे, दरवाजा खाली आला आहे, आणि नवं बीडिंग घालूनही फट राहील. आधी पिना, मग स्ट्रायकरची (लॉक अडकतं त्या कडीची) जागा, मग बीडिंग. बीडिंग नुसतं दबलेलं असेल तर सिलिकॉन ग्रीस चोळून थोडी मुदत मिळते. इंजिन ऑइल किंवा केरोसीन रबराला लावू नका, रबर फुगून मऊ पडतं.

समोरची काच

मारुती 800, ओम्नी, अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी यांच्या जुन्या मॉडेलांत काच रबरी चौकटीत बसवलेली असते. नंतरच्या गाड्यांत ती पीयूने (पॉलियुरेथेनच्या गोंदाने) पत्र्याला चिकटवलेली असते. दोन्हींचे दोष वेगळे, उपायही वेगळे.

रबरी चौकट उन्हाने कडक होते, कोपऱ्यात आक्रसते. पाणी काच आणि रबर यांच्या मधून किंवा रबर आणि पत्रा यांच्या मधून येतं. कुठून ते कळल्याशिवाय काही भरू नका. गाडी पूर्ण कोरडी असताना चौकटीच्या दोन्ही कडांवर खाकी पॅकिंग टेप सगळीकडून लावा. मग पाणी मारा. गळती थांबली तर दोष काचेचाच. आता खालच्या कडेपासून वीतभर टेप काढत जा आणि दर वेळी पाच मिनिटं पाणी द्या. ज्या वीतभर टेपनंतर आत थेंब आला, ती जागा सापडली. वेळ लागतो, पण याच्याइतकी खात्रीची रीत दुसरी नाही.

रबर अजून मऊ असेल तर प्लॅस्टिकच्या पट्टीने त्याचा ओठ उचलून आत न वाळणारं बेडिंग कंपाउंड भरता येतं. रबराला भेगा पडल्या असतील तर नवं रबरच हवं. नवं बसवताना काचेभोवती रबर चढवून त्याच्या बाहेरच्या खाचेत 4 ते 5 मिलिमीटरची मऊ दोरी फिरवतात, साबणाचं पाणी लावतात, एक जण बाहेरून तळव्याने दाबतो आणि दुसरा आतून दोरी ओढत ओठ पत्र्यावर चढवतो. काच निघालेली असतानाच चौकटीचा पत्रा तपासा. कोपऱ्यात गंज असेल तर तो खरवडून, प्राइमर आणि रंग देऊन, पूर्ण वाळल्यावरच काच घाला. गंजाच्या खड्ड्यांवर कुठलंही रबर बसत नाही.

चिकटवलेली काच घरी काढू नका. लॅमिनेटेड काच कडेने चटकन तडकते. ती आधी कधी बदलली असेल तर बसवणाऱ्याने पत्र्यावर प्राइमर न लावता पीयू सोडलं असण्याची शक्यता मोठी. जागा टेपच्या रीतीने शोधून काचवाल्याला दाखवा. बाहेरून वरवर पीयू फिरवून देतो म्हणाला तर नको म्हणा. काच काढून, जुनं पीयू तासून, प्राइमर लावून पुन्हा बसवायला सांगा. गाडी किती तासांनी चालवायची हे पीयूच्या डब्यावर लिहिलेलं असतं, तितके तास थांबा.

टप

टपाच्या अस्तरावर तपकिरी कडेचा डाग असेल, किंवा ब्रेक मारल्यावर आतल्या दिव्यातून थेंब पडत असेल, तर तीन जागा बघा: अँटेनाच्या बुडाचं रबर, कॅरियरचे बोल्ट आणि दोन्ही पन्हळींमधलं सीलंट. पन्हळीवरची पट्टी उचला, भेगाळलेलं सीलंट खरवडा, गंज घालवा, पीयू सीलंट भरून ओल्या बोटाने सपाट करा आणि वर रंग द्या. सनरूफ असेल तर तिच्या चार कोपऱ्यांतून नळ्या खाली जातात. त्यांत 2 मिलिमीटरची नायलॉनची दोरी हळू घाला. कंप्रेसरची हवा नको, नळी आतल्या आत सुटते आणि मग पूर्ण अस्तर उतरवावं लागतं.

डिकी आणि सीएनजीची भोकं

स्टेपनी उचला. खालच्या खड्ड्यात पाणी असेल तर टेललाइटच्या गॅस्केटपासून सुरुवात करा. दिवा आतून 8 किंवा 10 नंबरच्या नटांनी धरलेला असतो. गॅस्केट चपटं झालं असेल तर बदला, मिळत नसेल तर ब्यूटिल टेपची एकसंध कडी लावा. नट जास्त आवळलात तर प्लॅस्टिकची बुडं तुटतात आणि दिवाच बदलावा लागतो.

डिकीचं बीडिंग ज्या कडेवर टेकतं तिच्यावर खडू घासा, झाकण लावून उघडा. बीडिंगवर खडूची सलग रेघ उमटायला हवी, जिथे तुटली तिथे फट. रात्री डिकीत टॉर्च लावून झाकण बंद करून बाहेरून पाहिलं तर मोठ्या फटी थेट दिसतात. मागची सीट पाडून माणूस आत बसवायचा असेल तर मोठा माणूस बसवा, मूल कधीही नको. हॅचबॅकमध्ये वरच्या ब्रेकलाइटचं गॅस्केट आणि मागच्या वायपरच्या पाण्याची नळीही बघा. मागचा फवारा येत नसेल आणि डिकी ओली असेल, तर नळी आत सुटलेली आहे, पावसाचा काही संबंध नाही.

बडोद्यात जुन्या गाड्यांना नंतर बसवलेली सीएनजी किट पुष्कळ. किट बसवताना डिकीच्या तळाला, फायरवॉलला भोकं पाडतात आणि पाइप-वायरी त्यांतून नेतात. भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाची कड झाकणारी कडी, हवं, अनेकदा नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली असते. मागच्या चाकाचा फवारा तिथून आत येतो. योग्य मापाचं ग्रोमेट घाला, पाइपभोवती थोडं पीयू फिरवा. पण सिलिंडरच्या व्हॉल्व्हपासून गाडीबाहेर निघणारी जाड लवचिक नळी आणि तिचं तोंड काही झालं तरी बंद करू नका. गॅस गळलाच तर तो बाहेर जायची ती वाट आहे. तिच्यातून पाणी येतं अशी शंका असेल तर नळीचं बाहेरचं तोंड खाली वळलेलं आहे का ते किट बसवणाऱ्या अधिकृत केंद्राकडून तपासून घ्या.

तळ

तळाच्या पत्र्यात रंगकामाच्या वेळचं द्रावण निघून जाण्यासाठी भोकं असतात, त्यांना रबरी बुचं असतात. कार्पेट निघालेलंच आहे, तर प्रत्येक बूच दाबून बघा. कडक झालेली बदला. गंजाने पडलेल्या भोकाला एपॉक्सीची पुट्टी लावू नका. पत्रा हलतो, पुट्टी हलत नाही, सहा महिन्यांत कड सुटते आणि खाली गंज वाढतो. डेंटरकडून नवा तुकडा वेल्ड करून घ्या, दोन्ही बाजूंनी झिंक प्राइमर, मग सीम सीलंट, मग रंग.

सीलंट आणताना नाक वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि उघडा पत्रा गंजवतं. पत्र्याच्या जोडांना पीयू सीलंट, 310 मिलिलिटरची एक ट्यूब एका गाडीला पुरते. पुन्हा कधी उघडावं लागेल अशा जागी, म्हणजे पडदा, टेललाइट, अँटेना, तिथे ब्यूटिल.

दुरुस्ती झाली की जिथे पाणी आत आलं होतं तिथेच, तेवढाच वेळ, तशीच धार मारून पुन्हा बघा. एक गळती बंद झाल्यावर दुसरी उघडी पडते असं जुन्या गाडीत नेहमी होतं, कारण पहिलीच्या पाण्यात दुसरीचं पाणी लपलेलं असतं. म्हणून कार्पेट लगेच घालू नका. उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्राचे कागद अंथरा, प्रत्येकावर जागा लिहा, डावा पुढचा, उजवा मागचा, स्टेपनी, आणि गाडी नेहमीच्या जागी उघड्यावर लावा. ओला होऊन सुकलेला कागदही सुरकुततो आणि त्यावर डागाची कड राहते, त्यामुळे रात्रीत येऊन गेलेली सरही सकाळी कळते. तीन जोराच्या सरींनंतर सगळे कागद सपाट राहिले की नमदा आणि कार्पेट आत घ्या.